प्रशांत महासागर, फुकुशिमा आणि कुटुंबगटावर फिरणारा तो लाल नकाशा

निळीशाई

गेल्या आठवड्यात आमच्या कुटुंबगटावर तो नकाशा पुन्हा अवतरला. जपानच्या किनाऱ्यातून जांभळ्या-लाल-पिवळ्या ज्वाळा निघाल्यात आणि पार अमेरिकेपर्यंत पोचल्यात. खाली मजकूर: 'फुकुशिमाचं विष अख्ख्या प्रशांत महासागरात पसरलं आहे, मासे खाऊ नका, पुढे पाठवा.' मी कॅलिफोर्नियात राहते म्हणून मामेसासूबाईंनी मुद्दाम माझं नाव घालून विचारलं, 'तुमच्याकडे सगळं ठीक ना?' उत्तर लिहायला बसले आणि ते इतकं लांबलं की गटावर टाकायची सोय राहिली नाही. म्हणून हा धागा.

आधी नकाशाचं. तो किरणोत्साराचा नकाशाच नाही. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर त्सुनामीच्या लाटा कुठे किती उंच गेल्या असतील हे दाखवणारा तो नकाशा आहे, अमेरिकेच्या 'नोआ' या सागर-हवामान संस्थेने बनवलेला. कडेच्या रंगपट्टीवर सेंटिमीटर लिहिलेत, पण तिकडे कोण बघतंय! लाल रंग दिसला की पुरे.

आता खरं काय झालं ते. त्या दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी भूकंप झाला तेव्हा फुकुशिमा दाइइची या अणुवीज प्रकल्पाच्या सहापैकी तीन भट्ट्या चालू होत्या आणि त्या व्यवस्थित बंद पडल्या. घात केला तो पाऊण-एक तासाने आलेल्या १४-१५ मीटरच्या लाटेने. डिझेल जनरेटर पाण्याखाली गेले. भट्टी बंद केली तरी इंधनातून उष्णता निघतच राहते, ती काढायला पाणी फिरवावं लागतं आणि पाणी फिरवायला वीज लागते. वीज नाही म्हटल्यावर १, २ आणि ३ या तिन्ही भट्ट्यांमधलं इंधन वितळलं, आणि १, ३ व ४ च्या इमारतींत हायड्रोजनचे स्फोट झाले. हवेत उडालेलं बहुतेक द्रव्य वाऱ्याने समुद्रावर नेऊन टाकलं. वर भट्ट्या गार ठेवायला ओतलेलं पाणी गळून समुद्रातच गेलं.

एप्रिल २०११ च्या सुरुवातीला प्रकल्पाच्या अगदी तोंडाशी समुद्रात घनमीटरमागे कोट्यवधी बेकरेल सिझियम-१३७ हे किरणोत्सारी द्रव्य मोजलं गेलं. (एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं.) अपघाताआधी हाच आकडा १ ते २ होता, आणि तोही शून्य नव्हता याचं कारण १९५०-६० च्या दशकांतल्या अणुचाचण्या. तेव्हा घाबरणाऱ्यांना कोणी वेडं म्हणू नये. त्या किनाऱ्यावर ते भयंकरच होतं.

पण समुद्र एका जागी थांबत नाही. कुरोशिओ प्रवाहाने ते पाणी पूर्वेकडे ओढलं, आणि वाटेत ते पसरत, मिसळत, खोल जात राहिलं. कॅनडाच्या शास्त्रज्ञांना जून २०१२ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या पश्चिमेला १५०० किलोमीटरवर त्याची पहिली खूण सापडली. नोव्हेंबर २०१४ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातल्या युरेका गावापासून दीडेकशे किलोमीटर आत समुद्रात सापडलं. प्रत्यक्ष किनाऱ्यावर पहिल्यांदा फेब्रुवारी २०१५ मध्ये, व्हँकुव्हर बेटावरच्या युक्लुएलेट गावी: सिझियम-१३४ (त्याचाच कमी आयुष्याचा भाऊ) घनमीटरमागे १.४ बेकरेल आणि सिझियम-१३७ ५.८ बेकरेल. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात सिझियम-१३७ ची मर्यादा ७४०० आहे.

हे मोजलं कोणी, ती गोष्ट मला सगळ्यात आवडते. वुड्स होल समुद्रविज्ञान संस्थेचे केन ब्यूसेलर. चेर्नोबिलनंतर काळ्या समुद्राचं पाणी तपासलेला माणूस. अमेरिकेत समुद्रातला किरणोत्सार मोजणं हे कुठल्याच सरकारी खात्याचं काम नव्हतं. हे खातं म्हणे त्यांचं, ते खातं म्हणे यांचं! शेवटी २०१४ च्या सुरुवातीला त्यांनी लोकांनाच साद घातली: पैसे जमवा, आपल्या किनाऱ्यावरचं वीस लिटर पाणी भरून पाठवा, मी मोजून आकडा जाहीर करतो. सर्फिंग करणारे, शाळेतली मुलं, गावगट यांनी पाणी पाठवलं. युक्लुएलेटचा नमुना असाच आलेला.

खेकडाभाजी

ताई, सगळं वाचलं, बेकरेलही समजलं. आता एका ओळीत सांगा, सुरमई खायची का नाही?

निळीशाई

खा. ती अरबी समुद्रातली आहे, आणि सध्याच्या भावात धोका फक्त खिशाला.

भोवरा

लेख चांगला आहे पण एकतर्फी. 'दर्यात खसखस' हे मोठमोठ्या कंपन्यांचं जुनंच तत्त्वज्ञान आहे. प्रत्येक जण म्हणतो माझी खसखस किती ती! आणि पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेशी तुलना करून काय साधलं? समुद्राचं पाणी पितं कोण? प्रश्न माशांचा आहे. लहान मासा प्लवक खातो, मोठा मासा लहान माशाला खातो, शेवटी आपण मोठ्या माशाला. प्रत्येक पायरीवर साठत जातं. पाऱ्याच्या बाबतीत हेच झालं, आणि तेही जपानमध्येच, मिनामाताला.

निळीशाई

पाण्याच्या तुलनेबद्दलचा आक्षेप रास्त आहे. ब्यूसेलरांनी पोहण्याचाही हिशोब दिला होता: युक्लुएलेटच्या दुप्पट सिझियम असलेल्या पाण्यात रोज सहा तास, वर्षभर पोहलं तरी मिळणारी मात्रा दातांच्या एका एक्स-रेच्या हजाराव्या भागाइतकी. पण तीही बाहेरून मिळणारी मात्रा. माशांचा हिशोब वेगळा हवाच.

तो झालेला आहे. निळ्या परांचा टूना जपानजवळ जन्मतो आणि लहानपणीच महासागर पोहून कॅलिफोर्नियाकडे येतो. ऑगस्ट २०११ मध्ये सॅन डिएगोजवळ पकडलेले असे १५ टूना मॅडिगन, बाउमन आणि फिशर या तिघांनी तपासले. पंधराच्या पंधरा माशांमध्ये फुकुशिमाचं सिझियम निघालं. समुद्राच्या प्रवाहाला जे करायला वर्षं लागली ते माशांनी काही महिन्यांत केलं. बातमी जगभर गाजली. आता आकडे: वाळवलेल्या मांसात किलोमागे दोन्ही सिझियम मिळून १० बेकरेलच्या आसपास. त्याच मांसात निसर्गतः असलेलं पोटॅशियम-४० साडेतीनशेच्या आसपास. आणि माशांत मुळातच असणाऱ्या पोलोनियम-२१० पासून खाणाऱ्याला मिळणारी मात्रा सिझियमच्या कित्येक शे पट.

पारा आणि सिझियम यांत एक मोठा फरक आहे. सिझियमला शरीर पोटॅशियमसारखं वागवतं. आत घेतं आणि बाहेरही टाकतं. समुद्रातला मासा तर ते फार लवकर टाकतो, कारण खाऱ्या पाण्यात जगायचं तर क्षार बाहेर काढतच राहावे लागतात. स्ट्रॉन्शियम-९० ची गोष्ट वेगळी, ते हाडात बसतं. फुकुशिमातून ते सिझियमच्या मानाने बरंच कमी बाहेर पडलं, पण प्रकल्पावर टाक्यांत साठवलेल्या दूषित पाण्यात ते आहे आणि त्याकडे लक्ष ठेवायलाच हवं.

पश्चिमकडा

मी कॅनडातल्या व्हिक्टोरियात राहतो, म्हणजे अगदी त्या 'विषारी' किनाऱ्यावर. २०१३-१४ मध्ये इथे काय वातावरण होतं ते सांगतो. 'पश्चिम किनारा भाजून निघतोय, ही घ्या २८ लक्षणं' असा एक लेख हातोहात फिरत होता. त्याच सुमारास समुद्रतारे (स्टारफिश) मरायला लागले. हात गळून पडायचे आणि दोन दिवसांत नुसता लगदा उरायचा. मी स्वतः बघितलेत, किळस येते आणि भीतीही वाटते. लोकांनी लगेच सांधा जोडला: फुकुशिमा! पण ज्या जागी किरणोत्सारी पाणी पोचलंही नव्हतं तिथेही तारे मरत होते. खरा गुन्हेगार सापडायला २०२५ चा ऑगस्ट उजाडला: व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा नावाचा जिवाणू. मधल्या काळात एका विषाणूवर संशय होता, तो टिकला नाही.

कॅलिफोर्नियातल्या हाफ मून बेचा किस्साही तेव्हाचाच. डिसेंबर २०१३ मध्ये एकाने वाळूवर गायगर काउंटर (किरणोत्सार मोजायचं यंत्र) धरला, काटा नेहमीच्या कितीतरी पट वर गेला, चित्रफीत लाखो लोकांनी बघितली. वाळू तपासल्यावर निघालं रेडियम आणि थोरियम. सिझियमचा पत्ता नाही. काळ्या वाळूतली खनिजंच तशी.

आणि आमच्या विद्यापीठातले समुद्रशास्त्रज्ञ, जे कलन नावाचे. त्यांनी 'इनफॉर्म' नावाचा प्रकल्प काढून किनाऱ्यावरच्या लोकांकडून पाणी आणि मासे जमवले, आकडे उघड्यावर टाकले. बदल्यात काय मिळालं? 'अणुवाल्यांचा दलाल' ही शिवी आणि जिवे मारण्याच्या धमक्या.

वाळूघड्याळ

काळ्या वाळूवरून अवांतर. आपल्याकडे केरळात कोल्लमजवळच्या चवराला आणि तमिळनाडूत मणवालकुरिचीला किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट आहे, म्हणजे थोरियम. करुनागपल्ली भागात लोक पिढ्यानपिढ्या जगातल्या सर्वाधिक नैसर्गिक किरणोत्सारापैकी एकात राहतात, आणि तिथे कर्करोगाची पाहणीही दीर्घकाळ चालू आहे. त्या वाळूवर कोणी यंत्र धरून चित्रफीत काढली तर आपल्या गटांवर काय धुमाकूळ होईल, विचार करा. सिझियम-१३४ हीच फुकुशिमाची सही. अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) दोन वर्षं, म्हणजे जुन्या कुठल्याही स्रोतातलं ते कधीच संपलेलं. ते सापडलं तर फुकुशिमा, नाही तर दुसरं काहीतरी. गंमत अशी की आता इतक्या वर्षांनी ती सहीही जवळजवळ पुसली गेली आहे.

बोंबीलप्रेमी

पालघरवरून लिहितोय. साधी शंका. ते पाणी आपल्या समुद्रात येऊ शकतं का हो? आमच्याकडे बाजारात एक बाई खरंच विचारत होती, बोंबील जपानचे तर नाहीत ना. 😀

निळीशाई

बोंबील जपानहून येत नाहीत, पण पाण्याला वाट आहे. इंडोनेशियाच्या बेटांमधल्या सामुद्रधुन्यांतून प्रशांत महासागराचं पाणी हिंदी महासागरात सतत येत असतं. मात्र फुकुशिमाचा मुख्य लोट उलट दिशेला, पूर्वेकडे गेला. फेरा मारून इकडे येईस्तोवर अनेक वर्षं जातात आणि तोवर तो चाचण्यांच्या जुन्या अवशेषांत वेगळा ओळखूही येत नाही.

पण तुम्ही पालघरचे म्हणून सांगते. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या फुकुशिमाच्याच जातकुळीतल्या, उकळत्या पाण्याच्या, जनरल इलेक्ट्रिकच्या. १९६९ च्या. फुकुशिमाची पहिली भट्टी १९७१ ची. जपानचं पाणी इथे येईल का यापेक्षा हा प्रश्न तुम्हाला जवळचा आहे.

तोक्योकर

इथे येऊन बरीच वर्षं झाली, २०११ मध्येही इथेच होतो. निळीशाईताईंचे आकडे बरोबर आहेत. पण आकडे बरोबर असूनही लोक का घाबरतात, हे जपानमध्ये राहिल्याशिवाय कळत नाही. इतिहास सांगतो.

अपघातानंतर दोन वर्षं तेप्को ही वीजकंपनी म्हणत राहिली की भूजल समुद्रात जात नाही. जुलै २०१३ मध्ये कबूल केलं की जातंय. पुढच्याच महिन्यात एका टाकीतून ३०० टन अतिदूषित पाणी गळल्याचं बाहेर आलं. डोंगराकडून रोज सुमारे ४०० टन भूजल इमारतींच्या तळघरांत शिरत होतं, ते अडवायला जमीन गोठवून बर्फाची भिंत बांधली. उपसलेलं पाणी गाळायला 'आल्प्स' यंत्रणा आणली. ती ६२ किरणोत्सारी द्रव्यं काढते, उरतं ते ट्रिटियम, असं वर्षानुवर्षं सांगितलं. ट्रिटियम हा हायड्रोजनच, पाण्याच्या रेणूतच बसलेला, तो गाळून निघत नाही, हे खरं. पण २०१८ मध्ये कळलं की टाक्यांमधल्या बहुतांश पाण्यात स्ट्रॉन्शियमसकट इतर द्रव्यंही मर्यादेपेक्षा जास्त आहेत. एवढी मोठी गोष्ट आणि लोकांना इतक्या उशिरा! ते पाणी पुन्हा गाळूनच सोडणार, असं मग सांगितलं.

आणि २०१५ मध्ये सरकारने आणि कंपनीने फुकुशिमाच्या मच्छीमार संघाला लेखी शब्द दिला होता की संबंधितांच्या संमतीशिवाय पाण्याची विल्हेवाट लावणार नाही. संघाचा विरोध शेवटपर्यंत कायम होता. पाणी २४ ऑगस्ट २०२३ पासून समुद्रात सोडायला सुरुवात केली.

हे सगळं बघितलेल्या माणसाला तुम्ही १.४ बेकरेल सांगता तेव्हा तो आकड्याकडे बघतच नाही. आकडा कोण सांगतंय त्याच्याकडे बघतो.

भोवरा

तोक्योकर, दंडवत. माझं म्हणणं हेच. आणि मे २०२३ मध्ये त्याच बंदरात पकडलेल्या काळ्या रॉकफिशमध्ये किलोमागे १८,००० बेकरेल सिझियम निघालं, तेही लिहा की. जपानची मर्यादा १०० आहे. १८० पट! अपघाताला बारा वर्षं झाल्यावर.

तोक्योकर

बरोबर, निघालं. तो मासा प्रकल्पाच्या धक्क्याच्या आतला होता, भट्ट्यांसमोरच्या कोंडलेल्या पाण्यातला, जिथला गाळ आजही घाण आहे. तिथे मासेमारी होत नाही आणि मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून जाळी लावल्यात. जाळीतून एखादा निसटणारच नाही याची हमी कोण देणार, हा प्रश्न मात्र उरतोच.

बाहेरच्या समुद्राचं सांगायचं तर अपघातानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत फुकुशिमाच्या किनाऱ्यावरच्या निम्म्याच्या आसपास नमुन्यांत १०० च्या वर सिझियम होतं. २०१५ नंतर तसा मासा क्वचितच सापडतो. तिथल्या मच्छीमारांनी स्वतःसाठी मर्यादा ५० ठेवली आहे, सरकारच्या निम्मी. २०२३ च्या फेब्रुवारीत एका माशात ती ओलांडली गेली, १०० च्या आत होता तरी त्यांनी त्या जातीची विक्री स्वतःहून थांबवली. तिथला मासा 'जोबानमोनो' म्हणून नावाजलेला. त्या नावासाठी लोक अक्षरशः झटताहेत.

तेप्कोने काय केलं माहितीये? सोडायच्या पाण्यात हलिबटच्या जातीचे चपटे मासे पाळले आणि दिवसरात्र त्यांचं थेट प्रक्षेपण यूट्यूबवर लावलं. मी काही मिनिटं बघितलं. मासे तळाशी पडून असतात. विश्वास बसला का? झोप आली.

खेकडाभाजी

ते बघायला जाहिराती लागतात का मध्ये? 😂

हिशेबनीस

भावना बाजूला ठेवून जरा ट्रिटियमचे आकडे बघू. फुकुशिमातून वर्षाला जास्तीत जास्त २२ लाख कोटी बेकरेल ट्रिटियम सोडायचं ठरलंय. वाचताना छातीत धडकी भरते. फ्रान्सचा ला आग पुनर्प्रक्रिया प्रकल्प एका वर्षात याच्या चारशे पटींहून जास्त इंग्लिश खाडीत सोडतो. चीनच्या चिनशान प्रकल्पातून २०२० मध्ये याच्या सहापटीहून जास्त गेलं. आणि त्याच चीनने २४ ऑगस्टला, पाणी सोडलं त्याच दिवशी, जपानचे सगळे सागरी पदार्थ बंद केले! फटका कोणाला? दूर उत्तरेच्या होक्काइदोमधल्या शिंपल्यांच्या व्यापाऱ्यांना.

सोडताना पाणी समुद्राच्या पाण्याने पातळ करून लिटरमागे १५०० बेकरेलच्या खाली आणतात, किनाऱ्यापासून एक किलोमीटर लांब बोगद्याच्या तोंडातून सोडतात. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्याची मर्यादा १०,००० आहे. त्यामुळे माझ्या दृष्टीने हे राजकारण, बाकी काही नाही.

निळीशाई

हिशेबनीस, चीनच्या बाबतीत सहमत. पण 'बाकी काही नाही' इथे मी थांबते.

ला आगमध्ये न वितळलेल्या इंधनावर प्रक्रिया होते आणि काय येतंय ते आधीपासून माहीत असतं. इथे पाणी वितळलेल्या इंधनाला लागून आलंय. म्हणून एकट्या ट्रिटियमची तुलना अपुरी आहे. आणि हे मी म्हणत नाही, ब्यूसेलरच म्हणत होते. पॅसिफिक आयलंड्स फोरमने, म्हणजे त्या महासागरातल्या छोट्या बेट-देशांच्या संघटनेने, पाच स्वतंत्र तज्ज्ञ नेमले होते. त्यांत ब्यूसेलर होते आणि आपल्या भारतीय वंशाचे अर्जुन मखिजानीही. त्यांनी तेप्कोची आकडेवारी मागून घेऊन तपासली आणि सांगितलं: सगळ्या टाक्या नीट तपासलेल्या नाहीत, गाळाचा विचार नाही, दुसरे पर्याय गांभीर्याने बघितलेले नाहीत, घाई करू नका. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने जुलै २०२३ च्या अहवालात योजना मानकांत बसते आणि परिणाम नगण्य असेल असं म्हटलं, आणि तिची मोजणी अजून चालू आहे. आजवरचे आकडे मर्यादेच्या खूप खाली आहेत.

पण बघा ना, जो माणूस कॅलिफोर्नियातल्या लोकांना 'पोहायला जा' म्हणत होता तोच जपानला 'थांबा' म्हणत होता. दोन्ही वेळा अणुवाल्यांनी किंवा अणुविरोधकांनी त्याला सोयीने अर्धाच उचलला. मला त्याच्यात विसंगती दिसत नाही. पहिल्या वेळी त्याच्याकडे स्वतः मोजलेले आकडे होते, दुसऱ्या वेळी कंपनीने दिलेले.

प्रवाळ

बेटांचा उल्लेख झालाच आहे म्हणून लिहिते. त्या लोकांचं ऐकताना आपण 'अडाणी भीती' म्हणून मोकळे होतो. १ मार्च १९५४ ला अमेरिकेने मार्शल बेटांपैकी बिकिनी बेटावर 'कॅसल ब्राव्हो' हा १५ मेगाटनचा बॉम्ब फोडला, अंदाजाच्या अडीचपट निघाला. राख शेजारच्या रोंगेलाप बेटावरच्या माणसांवर पडली. लांबवर टूना पकडणाऱ्या 'दाइगो फुकुर्यू मारू' या जपानी बोटीवरच्या २३ खलाशांवरही पडली. त्यांच्यातले रेडिओ सांभाळणारे आइकिची कुबोयामा सप्टेंबरात गेले. जपानात शेकडो बोटींचा टूना फेकून द्यावा लागला. त्या एप्रिलच्या २ तारखेला नेहरूंनी लोकसभेत अणुचाचण्या थांबवण्याची मागणी केली, ती याच पार्श्वभूमीवर.

मार्शल बेटांतल्याच एनेवेटाकच्या रुनिट बेटावर त्या चाचण्यांचा कचरा एका खड्ड्यात टाकून वर काँक्रीटचा घुमट ठेवलाय. खड्ड्याला खालून अस्तर नाही. आणि १९८० च्या सुमारास जपाननेही अणुकचऱ्याची पिंपं मारियाना बेटांच्या उत्तरेला खोल समुद्रात टाकायचा बेत केला होता. बेटवाल्यांनी रान उठवलं म्हणून तो बारगळला. यांना प्रत्येक वेळी 'काळजी करू नका' असंच सांगितलं गेलंय.

हिशेबनीस

प्रवाळ, मारियानाचं माहीत नव्हतं. वाचतो. तरी माझा मुद्दा कायम: इतिहासाने आजचा बेकरेल वाढत नाही.

प्रवाळ

वाढत नाही. कमीही होत नाही. तो मोजायला कोणाला आत घेता, एवढंच त्यांचं म्हणणं.

बंदरकर

मी राजापूर तालुक्यातला. एवढा वेळ नुसता वाचत होतो.

फुकुशिमा झालं तेव्हा आमच्याकडे जैतापूरचं आंदोलन पेटलेलं होतं. माडबनला फ्रेंच बनावटीच्या सहा भट्ट्या, ९९०० मेगावॉट. टीव्हीवर जपानातले स्फोट बघितले आणि महिन्याभरात, एप्रिल २०११ मध्ये, साखरी नाट्याचा एक तरुण पोलीस गोळीबारात गेला. प्रकल्प अजून उभा राहिलेला नाही.

तेव्हा गावात शास्त्रज्ञ मंडळी यायची. भले लोक होते, आकडे सांगायचे, इतका इतका किरणोत्सार, केळ्यातही असतो, छातीच्या एक्स-रेतही असतो. आमचे म्हातारे ऐकून घ्यायचे आणि शेवटी एकच विचारायचे: 'मासळी चांगली आहे हे तुम्ही म्हणाल हो, पण मुंबईचा व्यापारी ती घेईल का?' त्याला उत्तर नव्हतं. तोक्योकरांनी फुकुशिमाच्या मच्छीमारांचं लिहिलंय ते वाचून अंगावर काटा आला. त्यांची मासळी तपासून, निम्मी मर्यादा लावून, चांगली निघाली तरी गिऱ्हाइकाच्या मनातून उतरली ती उतरलीच. पाण्यात काही मिसळायच्या आधीच धंदा बुडतो. त्या नुकसानीची भरपाई कुठल्या बेकरेलात मोजणार?

बोंबीलप्रेमी

बंदरकर भाऊ, +१००. बाजारातल्या त्या बाईने बोंबील घेतले नाहीत शेवटी. कोळीण बिचारी हसून गप्प बसली.

भोवरा

भरपाईवरून: जपानने देऊ केली ना? हजारो कोटी येन बाजूला काढलेत म्हणे.

तोक्योकर

काढलेत, मासळीचा भाव पडला तर सरकारने विकत घ्यायची, साठवायची अशीही तरतूद आहे. चीनने बंदी घातल्यावर इथल्या लोकांनी मुद्दाम होक्काइदोचे शिंपले विकत घ्यायची मोहीम चालवली, आमच्या कार्यालयातल्या जेवणातही ते आले. पण बंदरकर म्हणतात ते खरं आहे. मच्छीमाराला भरपाई नको असते, गिऱ्हाईक हवं असतं. पोराने होडीवर यावं असं त्याला वाटतं, आणि भरपाईवर चालणाऱ्या धंद्यात पोर येत नाही.

पश्चिमकडा

एक विचारायचं राहिलं. हे पाणी सोडणं संपणार कधी?

तोक्योकर

एका खेपेला साधारण ७८०० टन सोडतात. साठा १३ लाख टनांच्या घरात होता, तीसेक वर्षं चालेल असा अंदाज. रिकाम्या टाक्या २०२५ च्या फेब्रुवारीपासून मोडायला घेतल्यात.

पण भूजल आणि पाऊस इमारतींत शिरतोय, इंधन गार ठेवावं लागतंय, म्हणजे नवं दूषित पाणी रोज तयार होतच आहे, पूर्वीपेक्षा कमी असलं तरी. ते थांबायचं तर वितळलेलं इंधन बाहेर काढायला हवं. तिन्ही भट्ट्यांत मिळून ते सुमारे ८८० टन आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये, तेरा वर्षांनी, यंत्राच्या लांब दांड्याने त्यातला पहिला तुकडा काढला. वजन ०.७ ग्रॅम.

खेकडाभाजी

ग्रॅम?

तोक्योकर

ग्रॅम. काम २०५१ पर्यंत संपवायचं असं कागदावर अजूनही लिहिलेलं आहे.

निळीशाई

मामेसासूबाईंना या धाग्याचा दुवा पाठवला होता. त्यांचं उत्तर आलं, 'लांब आहे, सवडीने वाचते.' तोवर गटावर चंद्रग्रहणाचं काहीतरी आलंय. चर्चा चालू ठेवा. प्रवाळ, रुनिटवर वेगळा धागा काढाल का? तिथल्या घुमटाखाली भरतीचं पाणी आतबाहेर करतं, आणि त्यावर इथे कोणीच फारसं लिहिलेलं नाही.

प्रवाळ

काढते. पुढच्या आठवड्यात, मुलांच्या परीक्षा आटपल्या की.